बेचाळीस दिवस, अडीचशे रुपये

आदिलाबादकडच्या तांड्यावरची एखादी गरोदर बाई आणि पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यावरची गरोदर बाई एकमेकींच्या नात्यातल्याही असू शकतात. दोघींची बोली गोरमाटी, दोघींचं दैवत सेवालाल महाराज, आणि रामनवमीला दोघींच्या घरचे पोहरादेवीच्याच वाटेला लागणार. फरक पडतो तो सरकारी कागदावर. १९७६च्या कायदादुरुस्तीनंतर तेलंगणातला लंबाडा, म्हणजे आपला बंजारा, अनुसूचित जमातीत आला. कर्नाटकात तोच अनुसूचित जातीत आहे. महाराष्ट्रात तो विमुक्त जाती (अ) मध्ये मोडतो आणि केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात.

आता जननी सुरक्षा योजना घ्या. पैसा आणि नियम केंद्राचे. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण आधीपासूनच बरं असलेल्या राज्यांत हा लाभ फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना मिळतो. महाराष्ट्र त्याच गटात येतो. त्यामुळे सीमेपलीकडच्या बाईला जातीचा दाखला पुरतो. पोहरादेवीकडच्या बाईला मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव दाखवावं लागतं, आणि गावागावात अजूनही दाखवली जाणारी ती यादी २००२च्या पाहणीतून आलेली आहे. त्या पाहणीच्या वेळी घरदार कामासाठी बाहेरगावी असेल, किंवा त्यानंतर कुटुंब वेगळं झालं असेल, तर नाव नाही. गरिबी आहे, पण यादीत नाही.

ग्रामीण भागातल्या बाळंतिणीला या योजनेत ७०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, तेवढ्यासाठी कुणी बाळंतपण अडवत नाही. पण त्याच योजनेत बाईची गरोदरपणातली तपासणी पूर्ण करून घेणाऱ्या आणि तिला दवाखान्यात नेणाऱ्या आशाताईलाही ६०० रुपये ठेवलेले आहेत : ३०० तपासण्यांचे, ३०० बाळंतपणाचे. हा मोबदला योजनेच्या लाभार्थीशी बांधलेला आहे. म्हणजे रात्र तीच, जीप तीच, खड्डे तेच, दवाखान्याच्या ओसरीवरचं जागरणही तेच. ताईचे पैसे मात्र सोबतच्या बाईकडे कोणता कागद आहे त्यावर ठरणार. बाई गरीब असूनही यादीबाहेर राहिली, की तिच्याबरोबर ताईचा मोबदलाही यादीबाहेर राहतो.

गरिबांपर्यंत सेवा नेणारी माणसं बहुतेक गरिबांतलीच असतात, आणि विषमतेचा फटका त्यांना दुहेरी बसतो. एकदा तांड्यावरची बाई म्हणून, दुसऱ्यांदा सरकारची बिनपगारी माणूस म्हणून. पोहरादेवीत हे फार स्पष्ट दिसतं, कारण इथे समाजाचा मान आणि समाजाची सोय यांतलं अंतर डोळ्यांत भरण्याजोगं आहे.

पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी. जगदंबेचं मंदिर आणि सेवालाल महाराजांची समाधी असलेलं हे गाव वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात येतं. देशभरातून लोक इथे येतात, त्यामुळे पुढारीही येतात. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. इमारत चार मजली आणि देखणी आहे. संग्रहालय झालं ते उत्तमच झालं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा देश पायाखाली घालणाऱ्या, आणि रेल्वे आल्यावर तो धंदा गमावून बसलेल्या समाजाचा इतिहास कुठेतरी नीट मांडायलाच हवा होता. त्याच वाशीम जिल्ह्याचं नाव नीती आयोगाच्या २०१८च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून. ‘आकांक्षित’ हा शब्द गोड आहे. पूर्वी आपण सरळ ‘मागास’ म्हणायचो.

तांडा मुळात गावापासून सुटा वसलेला असतो. त्याचा स्वतःचा नायक असतो, कारभारी असतो, पण महसुली दप्तरात तो बहुधा कुठल्या तरी गावाचा भाग असतो. सरकारी सेवा डोकी मोजून दिल्या जातात. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येला एक आशा. ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० वस्तीला मिनी अंगणवाडी. कागदावर हिशेब बरोबर बसतो. पण हजार माणसं एका गावठाणात दाटीनं राहत असतील तर आशेचं काम वेगळं, आणि तीच हजार माणसं एक गाव नि दोन-तीन तांडे अशी शेतांमधून विखुरलेली असतील तर वेगळं. पायपिटीचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. मिनी अंगणवाडीत तर मदतनीसही नसायची. मुलांना गोळा करणं, शिजवणं, भरवणं, वजनं घेणं आणि नोंदी करणं, सगळं एकटी सेविका करायची आणि मानधन पूर्ण अंगणवाडीपेक्षा कमी घ्यायची. मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा द्यायचा निर्णय झाला तो अगदी अलीकडे.

नवजात बाळाच्या गृहभेटींकडे जरा जवळून बघू. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशेनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ. हात धुवून, पुसून ती बाळाच्या काखेत थर्मामीटर धरते. मग कुंची सोडून पोटाकडे बघत श्वास मोजते, तेही पूर्ण मिनीटभर. अर्धं मिनीट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचं, आणि पुन्हा तेवढेच आले तर धोका. मग घरातल्या सासूला पटवायचं, गाडी बोलवायची, दवाखाना गाठायचा. आई दूध कसं पाजते, नाळ ओली आहे का, बाळ थंड पडलंय का, हे सगळं बघून तक्ता भरायचा.

ही पद्धत आपल्याच विदर्भात सिद्ध झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजातांची घरच्या घरी काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशानं ते उचललं. कल्पना उचलली, दर मात्र सरकारनं आपला लावला. बेचाळीस दिवसांतल्या या सगळ्या भेटींचे मिळून आशेला २५० रुपये. तेही कधी? २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळाचं जन्मवजन नोंदलेलं हवं, जन्माची नोंद झालेली हवी, लसी टोचलेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई नि बाळ दोघंही सुखरूप हवीत. शेवटची अट पुन्हा वाचा. ज्या घरी ती सर्वांत जास्त वेळा धावली, तिथलंच बाळ हाती लागलं नाही, तर मोबदला नाही.

यात स्थलांतर मिसळा. मानोरा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातले तांडे दिवाळीनंतर निम्मे ओस पडतात. कुणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. कोयत्यावर नवरा-बायको जोडीनं जातात, त्यामुळे पोटुशी बाईही जाते आणि तान्हं बाळही जातं. तिसऱ्या महिन्यापासून आशेनं जिच्या मागे लागून तपासण्या करून घेतल्या, ती आठव्या महिन्यात सांगली-कोल्हापूरच्या फडात असते. तिचं बाळंतपण तिकडच्या आशेच्या खात्यावर जाईल किंवा कुणाच्याच नाही. कामानुसार मोबदला ही पद्धत लोक एका जागी स्थिर राहतात असं गृहीत धरून आखलेली आहे. ज्या वस्तीला आशेची गरज सर्वांत जास्त, तिथेच तिचं काम अर्धवट सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. शहराजवळच्या खात्यापित्या गावात तक्ता पूर्ण होतो, तांड्यावर होत नाही. आणि आढावा बैठकीत बोलणी खाते ती तांड्यावरची ताई.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक हे बंजारा समाजाचे. १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं ते मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच काळात, १९७२च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी राज्यभर पसरली. खडी फोडणाऱ्या हाताला काम मागण्याचा हक्क आहे, हे देशाला महाराष्ट्रानं दाखवलं. २००५ साली त्या धर्तीवर केंद्राचा कायदा झाला : किमान शंभर दिवस काम, पंधरा दिवसांत मजुरी, उशीर झाला तर भरपाई. त्याच २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यात आशा आली. एकाच वर्षी, एकाच सरकारनं, माती खणणाऱ्या बाईला मजूर मानलं आणि बाळाचा श्वास मोजणाऱ्या बाईला स्वयंसेविका. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर ३१२ रुपये ठरला. बेचाळीस दिवसांचे २५० रुपये त्याशेजारी ठेवून बघा.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०२३च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या, ७ हजारांच्या वाढीची घोषणा झाली. शासन निर्णय निघेना म्हणून १२ जानेवारी २०२४पासून पुन्हा संप झाला आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळानं ५ हजारांची वाढ मान्य केली. केंद्रानंही २०२५ मध्ये आपला ठरावीक मोबदला २ हजारांवरून साडेतीन हजारांवर नेला. या वाढीनं घराला आधार मिळाला, यात शंका नाही. पण प्रत्येक वाढ रस्त्यावर बसूनच मिळाली आणि वाढला तो मोबदला, दर्जा होता तिथेच राहिला. अंगणवाडीचीही तीच कथा. ४ डिसेंबर २०२३पासून सेविका-मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये, याच सेविकांना सरकारनं मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावला होता आणि ओरड झाल्यावर स्थगित केला. गंमत बघा : पगार मागितला की तुम्ही मानसेवी, संप केला की तुमची सेवा अत्यावश्यक.

याच बाईकडे सरकार हक्कानं नवनवी कामं सोपवत असतं. कोविडात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत घरोघर ताप मोजायला आशा होत्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला अंगणवाडी सेविका होत्या, अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कुणाच्या दारात चारचाकी आहे हे बघायलाही त्यांनाच धाडलं. तांड्यावर सगळे एकमेकांचे भाऊबंद. जिचा अर्ज भरून दिला तिच्याच दारात चौकशीला जायचं म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळणं अवघड आहे. पैसे बंद झाले की लोक मंत्र्याला विचारत नाहीत, ताईला विचारतात. १ जुलै २०२५पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायच्या आहाराचं पाकीट द्यायचं नाही, असा नियम आला. रेंज नाही, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, मोबाईल नवऱ्याबरोबर बाहेरगावी. या सगळ्याचं उत्तर ताईनं द्यायचं आणि दारातल्या बाईनं तिलाच बोल लावायचा.

तिला नाही म्हणता येत नाही, याची मुळं तिच्या निवडीतच आहेत. आशा गावचीच हवी, शक्यतो गावची सून, दहावीपर्यंत शिकलेली. मध्यरात्री दार वाजवणारी माणसं तिची सासरची, मोहल्ल्यातली. सरकारनं तिला नेमली तीच या भरवशावर की ती नाही म्हणणार नाही. नात्याचा हा ओलावा खरा आहे, आणि त्याच्याच जोरावर लसीकरणापासून क्षयरोगाच्या औषधांपर्यंत सगळं तांड्यावर पोहोचतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला तो याचसाठी. पण ओलाव्यावर सरकारनं किती काळ बचत करायची?

कायद्याची वाट थोडी उघडली आहे. २५ एप्रिल २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. न्यायालयाच्या लेखी त्यांना मिळणारं मानधन हे वेतनच ठरलं. आशांसाठी असा निकाल नाही. तो येईपर्यंत करण्याजोगं साधं काम म्हणजे नियम बदलणं : विखुरलेल्या तांड्यांसाठी लोकसंख्येबरोबर अंतरही मोजावं, स्थलांतरित बाईच्या झालेल्या भेटींचे पैसे द्यावेत, बेचाळिसाव्या दिवसाची अट काढावी, आणि ताईचा मोबदला बाळंतिणीच्या जातीच्या वा दारिद्र्याच्या दाखल्यापासून सोडवावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, आरक्षणाचा वाद मिटण्याची वाट बघावी लागत नाही. एक परिपत्रक पुरतं.

बाकी मूळ प्रश्नाचं उत्तर जुनंच आहे. केंद्र सरकार, मालक आणि कामगार संघटना जिथे एकत्र बसतात, त्या भारतीय श्रम परिषदेच्या ४५व्या अधिवेशनानं २०१३ साली शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या आणि सामाजिक सुरक्षा द्या. त्यानंतर केंद्रात आणि राज्यात सरकारं बदलली. शिफारस अजून अमलात आलेली नाही.