एक किलो दाणे भाजले की उरतात ८५० ग्रॅम. छोट्या कॉफी रोस्टरचा पैसा नेमका अडकतो कुठे?

मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत भाड्याच्या गाळ्यात एखादं छोटं मशीन लावून कॉफी भाजून विकणारे व्यावसायिक आता दिसू लागले आहेत. त्यांचं २५० ग्रॅमचं पाकीट चारशे-पाचशे रुपयांना पडतं. ‘एवढं काय त्यात?’ हा प्रश्न ग्राहक विचारतोच. उत्तर बरंचसं वजनकाट्यावर आहे.

वजन जातं कुठे?

कॉफीच्या कच्च्या, हिरवट दाण्यांत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. भाजताना तो उडतो, वरचं पातळ फोलपट सुटतं. हलक्या भाजणीत १२-१३ टक्के, तर गडद भाजणीत २० टक्क्यांपर्यंत वजन घटतं. म्हणजे १५ टक्के घट धरली तर किलोचे ८५० ग्रॅम. २५० ग्रॅमची तीन पाकिटं भरून १०० ग्रॅम उरतात. समजा, कच्चा माल ६०० रुपये किलो आहे. भाजून झाल्यावर तोच ७०६ रुपयांना पडला. गॅस, वीज, भाडं, पगार, पाकीट आणि कुरिअर अजून धरलेलंच नाही.

त्या दहा मिनिटांत काय होतं?

ड्रम २०० अंशांच्या आसपास तापवून दाणे आत सोडले की तापमान आधी झपाट्यानं खाली येतं, मग चढू लागतं. हिरवा रंग पिवळा होतो, गवतासारखा वास जाऊन भाजक्या पावासारखा येतो. आठ-दहा मिनिटांनी दाणे लाह्यांसारखे तडतडतात. याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. इथून पुढे निर्णय सेकंदांचा. फोन उचलायला गेलं आणि अर्धा मिनिट उशीर झाला, की ५ किलोचा घाणा ठरलेल्या चवीचा राहत नाही. तो त्या नावानं विकता येत नाही, फेकायलाही जीव होत नाही.

बाकीचा दिवस मात्र निवडण-टिपणातच जातो. मशीनमधलं फोलपट रोज काढावं लागतं, कारण ते पेट घेऊ शकतं. दाण्यांतून खडे निघतात. एक खडा ग्राहकाचा ग्राइंडर खराब करायला पुरेसा.

वर्षाची खरेदी एकदाच

देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. कोडगू, चिक्कमगळुरू आणि हासन हे मुख्य जिल्हे. (महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण थोडी.) काढणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यामुळे एखाद्या मळ्याची कॉफी वर्षभर विकायची तर उन्हाळा संपण्याआधी ती बांधून घ्यावी लागते. पैसे तेव्हा जातात, परत येतात पाकिटापाकिटानं.

त्यात दर. ब्राझीलमधल्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकानं पौंडामागे ४ डॉलरचा टप्पा ओलांडला. वर्षभर आधी तो २ डॉलरच्या आसपास होता. भारतीय कॉफीचा मोठा हिस्सा निर्यात होत असल्यानं मळेवालाही त्याच दराकडे पाहतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. मोठ्या कंपन्या आगाऊ करार करून धक्का पसरवू शकतात. चार पोती घेणाऱ्याला ती सोय नाही. दर वाढवले तर कॅफेवाले दुसरीकडे जातात, न वाढवले तर पुढच्या हंगामाच्या खरेदीला हातात पैसा उरत नाही.

पाकिटावर काय पाहावं?

भाजल्यानंतर दाण्यांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघतो. पाकिटावरचं छोटं भोक, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यासाठीच. चार-पाच दिवसांनी चव बसते आणि काही आठवड्यांनी उतरू लागते. म्हणून ‘रोस्टेड ऑन’ तारीख आधी पाहावी. चिकोरी मिसळलेली असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. छोट्या रोस्टरकडून घ्यायचं तर महिन्याभरापुरतंच घ्यावं. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांचं पुरे.