उद्याची उधारी

जुन्या बाजारपेठेत गल्ल्याच्या मागे एक पाटी हमखास दिसे : ‘आज रोख, उद्या उधार’. गिऱ्हाईक ती वाचून हसे आणि मुकाट्याने पैसे काढून देई. कारण ती पाटी उद्याही तेथेच असणार, हे त्यालाही ठाऊक असे. ‘उद्या’ या शब्दाची खरी किंमत व्यापारी माणसाला जितकी कळते, तितकी क्वचितच कोणाला कळत असेल. पण त्याच घरातला मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला बसतो, तेव्हा हा व्यवहार नेमका उलटा होतो. करमणूक रोखीने होते आणि अभ्यास उधारीवर जातो.

ही उधारी किती महाग पडते, ते आम्ही आमच्याच घरात पाहिले. माझा पुतण्या सी.ए. इंटरमीजिएटच्या पहिल्या गटाला बसला होता. या गटात तीन विषय असतात : प्रगत लेखाशास्त्र, कंपनी व इतर कायदे आणि करआकारणी. प्रत्येक विषयात किमान ४० गुण आणि गटात एकूण ५० टक्के, अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्याला लेखाशास्त्रात ५९, करआकारणीत ५७ आणि कायद्यात ३७ गुण मिळाले. बेरीज १५३ झाली. म्हणजे तीनशेपैकी दीडशेची अट पार पडली होती. गट हातचा गेला तो एका विषयातल्या तीन गुणांनी.

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सारे घर गप्प होते. माझे थोरले बंधू एवढेच म्हणाले, “जाऊ दे. नाहीतरी दुकान आहेच.” मुलाने मान खाली घालून ताट संपवले. पुढचे आठ दिवस त्याने एकाही पुस्तकाला हात लावला नाही.

नवव्या दिवशी मी त्याला त्याची वेळापत्रके घेऊन बोलावले. एक नव्हे, चांगली सात वेळापत्रके होती; रंगीत पेन्सिलींनी आखलेली. सातांपैकी प्रत्येकात कायद्याचा विषय आठवड्याच्या शेवटी होता. कायद्याच्या पुस्तकातल्या खुणा चौथ्या प्रकरणापर्यंत होत्या. पुढची पाने कोरी करकरीत. मी काहीच विचारले नाही. तोच म्हणाला, “काका, ते पुस्तक उघडले की छातीत धडधडते. मग मी लेखाशास्त्राची उदाहरणे सोडवत बसतो. दिवसभर अभ्यास केल्यासारखे वाटते.”

हा मुलगा आळशी नव्हता. दिवाळीच्या हंगामात आमच्या भुसार मालाच्या आडतीवर तो दिवसभर उभा राहून काटा सांभाळत असे. टाळाटाळ आणि आळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार असा की, चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनातला दोष नसून नकोशा भावनेपासून पळण्याचा प्रयत्न असतो. अवघड विषय समोर आला की भीती, कंटाळा किंवा कमीपणा वाटतो. काम पुढे ढकलताच मन क्षणभर हलके होते, आणि त्या हलकेपणाचीच सवय जडते. नवे वेळापत्रक आखणे, टेबल आवरणे, येणारेच उदाहरण पुन्हा सोडवणे, ही या पळण्याची सभ्य रूपे होत.

आपल्या परंपरेला हा दोष अपरिचित नाही. कर्मबंधाच्या पाच कारणांत प्रमादाची गणना होते. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर प्रमादापासून सावध राहण्याचा उपदेश करतात तो गौतमस्वामींसारख्या ज्ञानी गणधराला उद्देशून. तेव्हा प्रमाद केवळ मूर्खाला किंवा निरुद्योगी माणसालाच ग्रासतो, असे समजण्याचे कारण नाही. रागावून तो जात नाही. त्याला जागा न देण्याची रीत लावावी लागते.

पहिली रीत निश्चयाची. “उद्यापासून कायदा वाचीन” हा संकल्प नव्हे, ती केवळ इच्छा झाली. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिले की, केव्हा, कोठे आणि काय करायचे हे अगोदर बांधून ठेवलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी अधिक पाळला जातो. आपल्याकडे पच्चक्खाण असेच असते. नवकारशी करणारा “आज जरा उशिरा खाईन” असे म्हणत नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, अशी त्याची मर्यादा ठरलेली असते. पुतण्याने मग एकच वाक्य लिहिले : ‘सकाळी सहा वाजता, माडीवरच्या खोलीत, कायद्याच्या पुस्तकाची चार पाने.’ नावडता विषय आठवड्याच्या शेवटावरून दिवसाच्या आरंभी आला. चार पाने हे प्रमाण मुद्दामच लहान ठेवले होते. भीती वाटते ती आरंभ करण्याची, आणि आरंभ जितका लहान तितकी भीती कमी.

दुसरी रीत आसनाची. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे सलग अभ्यास आणि मग थोडी विश्रांती, अशी पद्धत बसवली. आज ती जगभर वापरली जाते. आपल्या जुन्या कालगणनेतली एक घटका २४ मिनिटांची आणि सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. अभ्यास ही सामायिकाची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. पण ज्या घरात आजी रोज ४८ मिनिटे आसन न सोडता बसते, त्या घरातल्या नातवाला एका जागी स्थिर बसणे शिकायला दूर जावे लागू नये. आरंभी एक घटका, पंधरवड्याने दोन घटका. तेवढा वेळ मोबाइल खाली दुकानातल्या गल्ल्यात, किल्ली आईकडे.

तिसरी रीत स्वाध्यायाची. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध पाठाची आवृत्ती करणे आणि दुसऱ्याला समजावून सांगणे. आपले विद्यार्थी बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतात. तीच पाने रंगीत रेघा ओढत पुन्हा पुन्हा वाचतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात असे दिसले की, पाचच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे असतात. पण आठवड्याने विचारले तर ज्यांनी पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केला, त्यांच्या स्मरणात अधिक राहते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. पुतण्या रोज चार पाने वाचून पुस्तक मिटू लागला, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहू लागला आणि रात्री कंपनी कायद्यातले एखादे कलम आजीला मराठीत समजावून सांगू लागला. आजीच्या साध्या शंकांनी त्याला जितके शिकवले, तितके सात वेळापत्रकांनी शिकवले नव्हते.

आता घरातल्या मोठ्यांविषयी. “जरा पाच मिनिटे गल्ल्यावर बस,” “बँकेत एवढा चेक टाकून ये,” “पाहुणे आलेत, भेटून जा,” ही वाक्ये आपल्या घरांत सहज बोलली जातात. २००९ मध्ये सोफी लेरॉय या संशोधिकेने दाखवले की, एका कामातून दुसऱ्यात गेले तरी लक्षाचा काही अंश मागच्याच कामात रेंगाळतो. म्हणून गल्ल्यावरची पाच मिनिटे पाच मिनिटांत संपत नाहीत. मुलाकडून दुकानाचे काम जरूर करून घ्यावे. त्यातून येणारा व्यवहार पुस्तकात मिळत नाही. पण त्याची वेळ ठरलेली असावी, आणि अभ्यासाच्या घटकेत ते दार वाजू नये.

आणि ते एक वाक्य : “दुकान आहेच.” बंधूंनी ते मायेने म्हटले होते. मुलाने मात्र त्याचा अर्थ ‘तुला हे जमणार नाही’ असा घेतला, हे त्यांना महिन्याभराने कळले. त्या रात्री ते स्वतः माडीवर गेले आणि म्हणाले, “दुकान तुझेच आहे. ते परीक्षेनंतरही जागेवर राहील. तू आधी हे पुरे कर.” शब्द जवळजवळ तेच होते, पण आधीच्या शब्दांनी त्याला सुटकेची वाट दाखवली होती आणि या शब्दांनी पाठीवर हात ठेवला.

पेढीवर रोज संध्याकाळी रोजमेळ जुळवल्याशिवाय आम्ही दिवे मालवत नाही. तशीच एक लाल कापडी वही मी पुतण्याला दिली. एका बाजूला ठरवलेले, दुसऱ्या बाजूला झालेले. अट एकच : खोटी नोंद करायची नाही, आणि चुकलेल्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलायचे नाही.

पुढच्या खेपेला गट सुटला. कायद्यात ४८ गुण मिळाले. मिरवावे असे काही नाही, पण पुरेसे होते. निकालानंतर त्याने ती वही मला परत आणून दिली. पाने चाळताना अकरा दिवस कोरे दिसले. त्या प्रत्येक दिवशी त्याने तारीख घातली होती आणि समोर शून्य लिहिले होते. एकाही शून्यापुढे ‘उद्या दुप्पट करीन’ असे लिहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात पुन्हा तेवढीच चार पाने होती.