काजव्याचा प्रकाश आणि संप्रेरकाचा ग्राही : रूपांतरित पेशीवंशांद्वारे संयुगांची चाचणी

अमेरिकेतील बॉस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो व कार्लोस सोनेनशाइन एमसीएफ-७ या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम अभ्यासत होते. १९७३ मध्ये स्तनकर्करोगाच्या रुग्णाच्या फुप्फुसावरणातील द्रवापासून सिद्ध झालेल्या या पेशीवंशाची वाढ इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. तथापि इस्ट्रोजेन न घालताही पेशी वाढू लागल्या. शोधाअंती दोष परीक्षानळ्यांच्या प्लॅस्टिकमध्ये आढळला. त्यातून नोनिलफिनॉल पाझरत होते व तेच इस्ट्रोजेनसारखे वागत होते. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अशी संयुगे ओळखण्याच्या सुलभ चाचणीची निकड स्पष्ट झाली.

पेशींची वाढ मोजण्यास काही दिवस लागतात. शिवाय वाढ इतर कारणांनीही होऊ शकते. म्हणून ग्राहीचे कार्यच मोजणे श्रेयस्कर ठरले. इस्ट्रोजेनचा ग्राही हे एक प्रथिन आहे. संप्रेरक जोडले गेले की दोन ग्राही एकत्र येऊन डीएनएवरील विशिष्ट क्रमाला चिकटतात व त्यालगतचे जनुक कार्यान्वित होते. संशोधकांनी हाच क्रम काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकापुढे जोडला आणि ही रचना पेशीच्या जनुकसंचात कायमची स्थिर केली. संयुग घालून सुमारे एक दिवसाने पेशी फोडतात, त्यात ल्युसिफेरिन मिसळतात आणि उमटणारा प्रकाश मोजतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील संशोधकांनी वर्णिलेल्या टी४७डी-केबीलुक पेशींत ग्राही मूळचाच आहे. याउलट हेला पेशींत तो नसल्याने, हेला-९९०३ या वंशात मानवी ग्राहीचे जनुकही बाहेरून घालावे लागले. या वंशावरील चाचणीला २००९ मध्ये ओईसीडीच्या मार्गदर्शिकेत स्थान मिळाले.

संयुग एकटे दिले असता प्रकाश न वाढणे म्हणजे ते निष्क्रिय, असे मात्र नव्हे. ते ग्राहीची वाट अडवणारे असू शकते. त्यासाठी ते इस्ट्राडायोलसोबत देऊन प्रकाश घटतो का, हे पाहावे लागते. त्यातही टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनला विरोध करते, तर गर्भाशयाच्या अंतःस्तराला उत्तेजन देते. एकाच पेशीवंशावरून संयुगाचा स्वभाव ठरवणे म्हणूनच धाडसाचे आहे.

प्रकाशही कधी फसवा असतो. सोयाबीनमधील जेनिस्टीन एक मायक्रोमोलरहून अधिक प्रमाणात दिल्यास या चाचण्यांत प्रकाश इस्ट्राडायोलच्या कमाल प्रतिसादापलीकडे जाऊ शकतो. त्याचा काही भाग ग्राहीमुळे नसून ल्युसिफरेजशी थेट संबंध आल्यामुळे असतो. वनस्पतिजन्य अर्कांवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फुलव्हेस्ट्रंटसारखे ग्राहीरोधक घातल्यावर प्रकाश मावळतो की नाही, हे पाहिल्याखेरीज ‘इस्ट्रोजेनसदृश’ हे विशेषण वापरू नये. संवर्धन माध्यमातील फिनॉल रेड या रंगद्रव्यातूनही दुर्बळ इस्ट्रोजेनसदृश परिणाम घडतो, हे १९८६ मध्ये दाखवून देण्यात आले. त्यामुळे माध्यम रंगविरहित आणि सीरम कोळशाच्या प्रक्रियेने संप्रेरकमुक्त केलेले असावे लागते.

सर्वांत बोलके उदाहरण बीजी-१ चे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत तयार झालेला बीजी१लुक४ई२ हा वंश अंडाशयाच्या कर्करोगपेशींचा मानला गेला व २०१२ मध्ये त्यावर आधारित चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत समाविष्टही झाली. पुढे डीएनए-तपासणीत त्या पेशी प्रत्यक्षात एमसीएफ-७ चाच एक प्रकार असल्याचे निष्पन्न झाले आणि २०१६ मध्ये वंशाचे नाव व्हीएम७लुक४ई२ असे बदलले. ग्राहीविषयीची मोजमापे त्यामुळे रद्द झाली नाहीत, कारण इस्ट्रोजेनचा ग्राही तेथे होताच. परंतु ‘अंडाशयातील प्रतिसाद’ म्हणून त्यांवरून काढलेल्या अनुमानांचा आधारच गेला.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना पेशीवंश पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या संचयातून मिळू शकतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी आणलेली कुपी स्वस्त पडते खरी, पण तिच्यावरील चिठ्ठी म्हणजे पेशींची ओळख नव्हे. ती ओळख डीएनएच्या लघुपुनरावृत्ती-क्रमांच्या तपासणीनेच पटते, आणि ही तपासणी पेशी हाती येताच व त्या गोठवून साठवण्यापूर्वी अशी दोनदा करावी लागते.