पंचांचेही परीक्षण हवे

कबड्डीच्या मैदानावर चढाई करणाऱ्या खेळाडूला ३० सेकंदांचा अवधी असतो. तेवढ्या वेळात त्याचा दम, त्याची पावले आणि बचाव करणाऱ्यांचे हात या सर्वांवर पंचांना दृष्टी ठेवावी लागते. निर्णय क्षणात द्यावयाचा असतो. त्याचे परिणाम मात्र पुष्कळदा दूरवर पोहोचतात. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण आहे व त्यासाठी स्पर्धांमधील यश विचारात घेतले जाते. साहजिकच एका गुणाची चूक त्या सामन्यापुरती राहतेच असे नाही. खेळाडूंप्रमाणे पंचांच्या कामगिरीचेही पद्धतशीर अवलोकन व्हावयास हवे, ते याचसाठी.

निरीक्षण कशाचे?

सामन्यासाठी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन साहाय्यक गुणलेखक असतात. त्यांच्या कामाचे निरीक्षण करणाऱ्या अनुभवी व्यक्तीने गुणफलकाकडे नव्हे, तर पंचांकडे पाहावयाचे असते. पंच कोठे उभा आहे, शिटी वेळेवर वाजते काय, हाताचा संकेत स्पष्ट आहे काय, दोन्ही संघांना एकच माप लावले जाते काय, याची वेळेसह नोंद करावी. ‘निर्णय चुकला’ एवढाच शेरा निरुपयोगी होय. तो का चुकला, हे शोधणे महत्त्वाचे.

बोनस गुणाचे उदाहरण बोलके आहे. पुरुषांच्या १३ बाय १० मीटर मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस रेषा असते. समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूचे एक पाऊल ही रेषा ओलांडून टेकले आणि त्याच क्षणी दुसरा पाय अधांतरी असला, तरच गुण मिळतो. पंचाची नजर पुढच्या पावलावरच खिळली, तर मागचा पाय जमिनीवर टेकलेला असल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. येथे नियमाचे ज्ञान कमी पडलेले नसते. कमी पडलेली असते ती नजरेची सवय. उपाय अर्थातच सवयीवर करावयाचा, नियमपुस्तकाच्या पाठांतरावर नव्हे.

सांगावे कसे?

सामना संपताच खेळाडूंसमोर पंचाला दोष देणे सर्वथा टाळावे. त्याने त्याचे मन दुखावते व अधिकारही क्षीण होतो. थोड्या वेळाने, एकांतात, प्रथम पंचालाच बोलू द्यावे. कोणता निर्णय त्याला स्वतःला शंकास्पद वाटला, हे विचारावे. जे उत्तम झाले त्याचा प्रसंगासह उल्लेख करावा. त्यानंतर सुधारणेच्या एक-दोनच गोष्टी सांगाव्यात. दहा दोष एकदम सांगितल्यास एकही सुधारत नाही. “लक्ष द्या” असे मोघम न म्हणता, “बोनसच्या वेळी मागच्या पायाकडे पाहा” असे नेमके सांगावे. पुढील सामन्यात तीच बाब पुन्हा पाहिली, तरच हे वर्तुळ पूर्ण होते.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये शंकास्पद निर्णय चित्रफितीवर पडताळून पाहण्याची सोय आहे. गावोगावच्या मैदानांवर ती नाही. तेथे पंचाची नजर हाच एकमेव आधार असतो. ज्या मैदानावर पंचाला केवळ शिव्याशापच मिळतात, तेथे नवे तरुण शिटी हाती घ्यावयास धजणार नाहीत. आपुलकीने व नेमकेपणाने केलेले मार्गदर्शन त्यांना मैदानावर टिकवून धरील आणि खेळाडूच्या घामाला न्याय मिळण्याची शाश्वतीही वाढवील.