लोकसभेचे मत : शेतकऱ्याने ते कसे द्यावे

पेरणीपूर्वी बियाणे पारखावे, औत-अवजारे दुरुस्त करून ठेवावी व वाफसा पाहून मगच तिफण शेतात घालावी, हे आमच्या वाचकांस सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु साधारणतः पाच वर्षांतून एकदा लोकसभेसाठी जे मत द्यावयाचे, त्याची तयारी मात्र आपल्यापैकी पुष्कळजण मतदानाच्या आदल्या सायंकाळी करतात. कित्येकजण तर मुळीच करीत नाहीत. सबब या मताची रीत व त्यासंबंधीचे आपले कर्तव्य यांची माहिती एकत्र देण्याचे आम्ही योजिले आहे. कोणत्याही पक्षाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही.

शेती हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला, मग दिल्लीच्या सभेशी आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न काही बंधू करितात. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती राज्यांच्या सूचीत आहे हे खरे. पण परदेशी व्यापार केंद्राच्या सूचीत आहे. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते, उसाचा रास्त व किफायतशीर दरही तेच ठरविते आणि खतांवरील अनुदानही तेथूनच येते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली व मे २०२४ मध्ये ती किमान निर्यातमूल्य व निर्यातशुल्क यांसह पुन्हा खुली झाली. हे दोन्ही निर्णय दिल्लीचे होते. चाळीत कांदा साठविलेल्या शेतकऱ्यास याहून अधिक पुरावा नको.

एका मताने काय होणार, असेही म्हटले जाते. १९९८ साली तेव्हाच्या बिहारमधील राजमहल मतदारसंघात लोकसभेचा निकाल ९ मतांनी लागला. २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात जय-पराजयाचे अंतर ४८ मतांचे होते. लाखो मतांच्या मोजणीत एवढे अंतर म्हणजे एखाद्या वाडीतील चार-पाच घरांची माणसे होत.

मतदारयादी.— ओळखपत्र खिशात असले म्हणजे मत आहे, हा समज चुकीचा आहे. यादीत नाव असेल तरच मत देता येते. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेस वयाची १८ वर्षे पूर्ण होतील, त्या तारखेच्या आधारे नाव नोंदविता येते. नवीन नावासाठी नमुना ६, मयत किंवा गाव सोडून गेलेल्याचे नाव कमी करण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती अथवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. हे अर्ज गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यास लोक बीएलओ म्हणतात, किंवा तहसील कचेरीत देता येतात. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची मुदत उलटली की त्या निवडणुकीपुरता यादीत फेरफार होत नाही. यास्तव हे काम निवडणुकीचा डंका वाजण्यापूर्वीच उरकावे.

घरातील स्त्रियांची नावे विशेष काळजीने पाहावी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढेच सांगितले होते. आज तसे होत नाही; पण सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि मतदानादिवशी ती घरी बसते, हे अजूनही घडते. नमुना ८ भरून हा दोष दूर करता येतो.

ज्यांचे एक घर गावी व एक तालुक्याच्या ठिकाणी आहे, त्यांनी दोन ठिकाणी नाव ठेवू नये. कायद्यास ते मान्य नाही. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. उलट, ऊसतोडीसारख्या कामास काही काळ बाहेर गेल्याने कोणाचा गावचा रहिवास सुटत नाही. टोळीतील मजुरांस हे अवश्य सांगावे.

उमेदवाराची पारख.— प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले यांचे शपथपत्र द्यावे लागते व ते सर्वांस पाहावयास खुले असते. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी वाचल्याशिवाय आपण पैसे मोजीत नाही. मग पाच वर्षांचा प्रतिनिधी निवडताना त्याचा कागद का वाचू नये? तो सभेस आला म्हणजे निर्यात, हमीभाव, उसाची थकीत बिले व पीकविमा यांविषयी त्यास उघडपणे प्रश्न विचारावे. जातीचा किंवा पाहुण्यांचा आहे एवढ्यावरून मत देणे म्हणजे चिठ्ठी न वाचता बियाणे घेणेच होय.

मतदानाचा दिवस.— मतदान सहसा सकाळी ७ ते सायंकाळी ६ पर्यंत चालते. मुदत संपताना जो रांगेत असेल त्यास मत देऊ दिले जाते. मतदार ओळखपत्र बरोबर न्यावे. ते नसल्यास आधारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल कचेरीचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड इत्यादी मान्य कागदांपैकी एक चालतो. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून पुरत नाही. मोबाइल आत नेऊ नये.

पहिला अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावून नोंदवहीत सही अथवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र मताकरिता खुले करतो. मग आडोशाआड एकट्याने जावे आणि आपल्या उमेदवाराच्या नावासमोरील निळी कळ दाबावी. शेजारी तांबडा दिवा लागतो, बाजूच्या यंत्राच्या काचेतून उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सुमारे ७ सेकंद दिसते आणि लांब आवाज होतो. चिठ्ठी नीट पाहूनच बाहेर यावे. ती भलतीच निघाल्यास केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करता येते. मात्र खोटी तक्रार दंडनीय आहे. एकही उमेदवार पसंत नसेल, तर २०१३ पासून यंत्रावर शेवटी ‘नोटा’ची कळ असते.

आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत दिलेले आढळल्यास निमूटपणे परतू नये. ओळख पटविल्यावर निराळ्या कागदी मतपत्रिकेवर मत देण्याचा आपला हक्क आहे. तो केंद्राध्यक्षाकडे मागावा. अंध किंवा शरीराने असमर्थ मतदारास १८ वर्षांवरील एक सोबती आत नेता येतो. ८५ वर्षांवरील वृद्धांस व ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांस २०२४ च्या निवडणुकीत आधी अर्ज केल्यास घरूनच मत देण्याची सोय होती.

गाडी आणि पैसा.— उमेदवाराच्या वतीने मतदारांची फुकट ने-आण करणे हा कायद्याने भ्रष्टाचार आहे. यास्तव आपला ट्रॅक्टर व ट्रॉली या कामी कोणी मागितल्यास सरळ नकार द्यावा. मौजेची गोष्ट अशी की, मतदारांनी आपसांत वर्गणी करून यंत्रावर न चालणारे वाहन भाड्याने घेतल्यास कायदा त्यास हरकत घेत नाही; म्हणजे बैलगाडीस मुभा आहे. स्वखर्चाने एसटीने जाण्यासही कोणाची आडकाठी नाही. मताबद्दल पैसा, दारू किंवा जेवणावळ देणारा व घेणारा दोघेही दोषी ठरतात. शिवाय मिळालेली नोट आठवड्यात खर्च होते, आणि प्रतिनिधी मात्र पाच वर्षे राहतो.

आपल्या पदरची माणसे.— आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क मुख्यतः शेतसारा, कर व शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्याच्या नावे पुरेसा सारा त्यास मत. त्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनास बहुधा नाही. घटनेच्या ३२६ व्या कलमाने ही भिंत पाडली. पन्नास एकरांच्या धन्याचे मत व त्याच्या सालगड्याचे मत आज एकाच वजनाचे आहे. परंतु कागदावर पडलेली भिंत कित्येक गावांत मनात उभीच आहे. ‘आपल्या वाड्याची इतकी मते’ असे उमेदवारास सांगणारे जमीनदार आम्ही पाहिले आहेत. त्यांत आपल्या गड्यांची व त्यांच्या बायकांची मते न विचारताच धरलेली असतात. उचल फेडली नाही म्हणून, किंवा काम बंद करू, वाळीत टाकू असे भय घालून कोणाचे मत वळविणे हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेविला तरी ते सज्जनास शोभत नाही. आडोशाआड कोण कोणती कळ दाबतो हे कोणास दिसत नाही, हे मजुरास समजावून सांगणे हे धन्याचेच काम आहे. मतदानादिवशी त्यास सकाळीच मोकळे करावे, मजुरी कापू नये, आणि परत आल्यावर ‘कोणास दिलेस?’ असे विचारू नये.

आमच्या मंडळाच्या सभासदांस एवढीच विनंती आहे की, येत्या महिन्याभरात प्रत्येकाने आपल्या घरातील व आपल्याकडे काम करणाऱ्या सर्वांची नावे यादीत आहेत की नाहीत हे पाहावे, आणि ज्याचे नाव नसेल त्याचा नमुना ६ स्वतः भरून द्यावा. लिहिता-वाचता येणाऱ्याने शेजाऱ्याची एवढी सेवा केली, तर गावातील एकही मत वाया जाणार नाही.