खाऱ्या पाण्यातील ठेंगू एंजल मासा : हौसेपूर्वीचा हिशेब

शोभिवंत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरसारख्या गावीही मुंबईच्या बाजारातील मासे काही तासांत आणता येतात. परंतु ‘एंजल’ या एकाच नावाने दोन भिन्न मासे विकले जातात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. लांब परांचा, चपट्या अंगाचा एंजल हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा, गोड्या पाण्यातील मासा होय. ठेंगू एंजल मात्र समुद्रातील प्रवाळखडकांत राहतो. त्याच्या बहुतेक जाती १० ते १५ सेंटिमीटरपर्यंतच वाढतात. म्हणून तो लहान टाकीत सहज राहील, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

लहान टाकीची अडचण

पाणी जितके थोडे, तितके ते लवकर तापते व लवकर बिघडते. हा मासा दिवसभर खडकांवरील शेवाळ टिपत फिरतो आणि आपली हद्द राखतो. यास्तव सुमारे २०० लिटरची टाकी घेणे इष्ट. एका टाकीत एकच ठेंगू एंजल ठेवावा व तो इतर माशांनंतर, सर्वांत शेवटी सोडावा.

पाणी

खाडीचे पाणी वापरू नये. ते गढूळ असते, पावसाळ्यात त्याचा खारेपणा घटतो व सांडपाण्याचा अंशही त्यात असू शकतो. क्लोरीनविरहित, शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळावे. २०० लिटरला सुमारे ७ किलो मीठ लागते. खाण्याचे मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. सबब रोजची घट केवळ गोड्या पाण्याने भरून काढावी. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी थोडे निवते. परंतु घट वाढते. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवावा.

टाकी पक्व होऊ देणे

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. खडकांवर शेवाळ धरण्यास त्याहून अधिक महिने जातात. तोवर ठेंगू एंजल आणू नये. नव्या, स्वच्छ दिसणाऱ्या टाकीत तो उपाशी राहतो.

खरेदी व खाद्य

काही देशांत प्रवाळखडकांतील मासे सायनाइडने गुंगवून पकडले जातात. असा मासा वरून धडधाकट दिसला तरी पुढे मरू शकतो. म्हणून विक्रेत्याने समोर खाद्य घालून दाखवावे व मासा खात असेल तरच तो घ्यावा. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पांढरे ठिपके येतात काय, ते पाहावे. तांब्याचे औषध मुख्य टाकीत घालू नये. खाद्य म्हणून स्पायरुलिना शेवाळाच्या गोळ्या, तसेच धुऊन बारीक केलेला ताजा जवळा थोडाथोडा, दिवसातून दोन-तीन वेळा द्यावा.

कायद्याची मर्यादा

कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व सागरी पंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये परिशिष्ट १ चे संरक्षण मिळाले. ते किनाऱ्यावरून उचलू नयेत वा विकत घेऊ नयेत. टाकीत भाजलेल्या मातीचे कृत्रिम खडक रचावेत. शेवाळ त्यांवरही धरते.

व्यवसायाचा विचार

जोडधंद्यासाठी हा मासा योग्य नव्हे. त्याची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात की त्यांना लागणारे अतिसूक्ष्म जिवंत खाद्य पुरविणे फार कठीण जाते. हवाई बेटांत काही जातींची पैदास साधली असली, तरी बाजारातील बहुतेक ठेंगू एंजल समुद्रातूनच पकडलेले असतात. उलट गोड्या पाण्यातील एंजल पानावर अंडी घालतो व नर-मादी दोघे त्यांची राखण करतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला. उत्पन्नाची अपेक्षा असणाऱ्यांनी गोड्या पाण्यातील माशापासून आरंभ करावा. ठेंगू एंजल ज्यास हवाच असेल त्याने आधी टाकी घ्यावी आणि मासा बऱ्याच महिन्यांनी आणावा.