मोजदाद न झालेले संसार

गंगेकाठच्या एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असतानाची गोष्ट. घटस्फोटाच्या दाव्यात सलग तीन तारखांना गैरहजर राहिल्यामुळे एका पोलीस शिपायाविरुद्ध एकतर्फी निकाल लागला. पहिल्या तारखेला निवडणूक होती, दुसऱ्या वेळी मेळा, तिसऱ्या वेळी मंत्र्यांचा दौरा. तिन्ही वेळा पोलिसांच्या रजा थांबवण्याची विनंती माझ्याच सहीने गेली होती. निकालानंतर तो भेटीस आला. त्याने तक्रार केली नाही. ‘‘मुलीला भेटण्याचा वार रविवार ठरला आहे, साहेब. तेवढी सुट्टी मिळेल का?’’ एवढेच त्याने विचारले.

निवृत्तीनंतर मी या विषयाचा मागोवा घेऊ लागलो. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या वार्षिक आकडेवारीत मंजूर पदे, रिक्त पदे, वाहने, निवासस्थाने यांचा हिशेब मिळतो. मोडलेल्या संसारांचा रकाना मला आढळला नाही. अमेरिकेत मॅकॉय आणि आमोट या संशोधकांनी २००० सालच्या जनगणनेच्या आधारे हा हिशेब मांडला. घटस्फोटित वा विभक्त व्यक्तींचे प्रमाण पोलिसांत सुमारे १४.५ टक्के, तर एकूण नोकरदारांत सुमारे १७ टक्के निघाले. पोलिसांचे संसार अधिक मोडतात, या समजुतीला तेथे आधार मिळाला नाही.

हा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट संख्या विभक्तांची होती. आपल्याकडचे कित्येक संसार न्यायालयापर्यंत न पोहोचताच मोडतात. पत्नी मुलांसह माहेरी राहते, पती बराकीत. कागदोपत्री विवाह अबाधित असतो. मुलांची मात्र दोन घरांत वाटणी झालेली असते.

कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अहवालासाठी पोलिसांबरोबर त्यांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांशीही बोलणे झाले होते. पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा आणि सुमारे निम्म्या जणांना साप्ताहिक सुट्टीच नाही, असे त्यातून दिसले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे मूळ १८६१ च्या पोलीस कायद्यात दिसते. १८५७ च्या उठावानंतर आलेल्या या कायद्याचे कलम २२ पोलिसाला सदैव कर्तव्यावर मानते. सत्तेला शिपाई हवा होता. त्याच्या घराचा विचार तिने केला नाही. पुढे अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे केले, पण ही कल्पना बव्हंशी टिकून राहिली.

अलीकडे काही राज्यांनी साप्ताहिक सुट्टी जाहीर केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु बंदोबस्त लागताच पहिला बळी तिचाच जातो. कुटुंब न्यायालयाची तारीख आणि अपत्यभेटीचा दिवस यांसाठीची रजा नाकारायची झाल्यास वरिष्ठांनी लेखी कारण द्यावे, आणि विभक्त कुटुंबांचीही, नावे गुप्त ठेवून, मोजदाद व्हावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. एक परिपत्रक पुरेल.

त्या शिपायाला मी ‘‘पाहतो’’ म्हणालो होतो. पुढच्याच रविवारी जिल्ह्यात एक मिरवणूक होती. रजा थांबवण्याच्या पत्रावर मी पुन्हा सही केली.